चिमूटभराचा हिशेब

सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आता युरिया-डीएपीच्या पोत्याइतकीच ठरलेली खरेदी झाली आहे. ती घ्यावी की नाही यावर गावात वाद होत नाही. झालाच तर कुठल्या कंपनीची घ्यावी यावर होतो. पुढचा संवाद मात्र पहिल्याच प्रश्नावर आहे. बोलणारे दोघे सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठचे. मामा ऊस, सोयाबीन आणि थोडी द्राक्षबाग करतात. भाची दापोलीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकली आणि आता माती परीक्षणाच्या कामात आहे. जुलै संपत आलाय. आठवडाभराच्या झडीनंतर दोन दिवस उघडीप मिळाली आहे आणि सखल भागातलं सोयाबीन पिवळं पडलं आहे.

मामा : ये, हे बघ. शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी पडलंय, एवढं मलाही कळतं. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाची ग्रेड-२ची बाटली आणलीय, चिलेटेड झिंक आणलंय, बोरॉन आणलंय. उद्या ऊन चढायच्या आत तिन्ही एका पंपात घालून सगळ्या दोन एकरांवर मारतो आणि मोकळा होतो.

भाची : लोह तुम्ही बरोबर ओळखलंत, मामा. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती, कारण नत्र जुन्या पानातून निघून नव्याकडे जातं. लोह एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही. त्यामुळे मुळाकडून येणं थांबलं की उपाशी राहतं ते नवं पान. पण लोहाच्या दुखण्याला झिंक आणि बोरॉन कशाला?

मामा : सोबत. पंप पाठीवर घ्यायचाच आहे, मजुरी द्यायचीच आहे. हा विमा आहे असं समज. पीक गेलं तर किती जातं आणि बाटल्यांना किती जातात, हिशेब कर की.

भाची : विम्याचा हप्ता भरल्यानं नुकसान वाढत नाही, इथे वाढू शकतं. त्यावर येऊच. आधी मला सांगा, वरच्या अंगाचं सोयाबीन हिरवंगार का? वाण तोच, पेरणी एकाच दिवसाची, खत एकाच पोत्यातलं.

मामा : वर पाणी थांबत नाही. इथं खाली आठ दिवस सरीत पाणी उभं होतं. वाफसा म्हणून आलाच नाही.

भाची : मग उत्तर तुम्हीच दिलंत. आपली काळी माती बेसॉल्टपासून झालेली, तिच्यात लोखंडाला तोटा नाही. शेकड्याला पाच धरलं तरी वरच्या वीतभर थरात एकरी चाळीस टनांहून जास्त लोखंड पडलंय. सोयाबीनला अख्ख्या हंगामात लागतं पाव ते अर्धा किलो.

मामा : चाळीस टन? आणि तरी पान पिवळं?

भाची : ते सगळं गंजाच्या रूपात आहे आणि मुळाला लागतं पाण्यात विरघळलेलं. मातीचा सामू एका अंकाने वाढला की विरघळणारं लोह हजार पटीने घटतं, झिंक शंभर पटीने. तुमच्या जमिनीचा सामू आठच्या वर, शिवाय चुनखडी. तरी सोयाबीनचं मूळ गप्प बसत नाही. ते आम्ल सोडतं, लोहाचं रूप बदलून घेतं आणि मग ते शोषतं. पण पाणी साचलं की मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मातीतच कोंडतो. त्याचं चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट होतं आणि मुळाने सोडलेलं आम्ल वायाच जातं. वाफसा गेला, म्हणून लोह मिळेना. त्यात मातीतलं लोह तिळभरही कमी झालेलं नाही.

मामा : म्हणजे तू म्हणतीस की काही मारायचंच नाही?

भाची : पाण्याला वाट काढून द्या. वाफसा आला की कोळपणी करा, म्हणजे जमिनीत हवा खेळेल. असल्या पिवळ्या पडलेल्या सोयाबीनमधली बरीचशी झाडं त्यानंतर आपली आपण हिरवी होतात.

मामा : आणि नाही झाली तर? पोरी, हे शंभर दिवसांचं पीक आहे. त्यातले वीस-पंचवीस दिवस असेच गेले. आठवडा वाट बघायची, मग माती पाठवायची, रिपोर्ट यायला आणखी किती दिवस? तोवर फुलं लागतात. तुमचं शास्त्र बरोबर असेल, पण त्याचं वेळापत्रक पिकाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

भाची : हे मान्य. उभ्या पिकात माती परीक्षणाची वाट बघत बसणं शहाणपणाचं नाही. म्हणून ह्या पिवळ्या पट्ट्यावर लोह जरूर फवारा. बाटलीतलं नको. दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि पंचवीस ग्रॅम चुन्याची निवळी. पानं करपत नाहीत आणि खर्च नगण्य. फक्त ह्या पट्ट्यावर. वरच्या हिरव्या दीड एकरावर काय म्हणून मारायचं?

मामा : चिलेटेड चांगलं असतं असं दुकानदार म्हणतो.

भाची : कुठलं चिलेट आणि कुठे द्यायचं यावर आहे. ईडीटीएमधलं लोह फवारणीला चालतं. तेच ड्रिपमधून आपल्या जमिनीत सोडलं की साडेसहाच्या वरच्या सामूत ते टिकत नाही. ईडीटीए लोहाला सोडून कॅल्शियमला धरतं. चुनखडीच्या जमिनीत टिकतं ते ईडीडीएचए, पण ते महाग. बाटलीवर 'चिलेटेड' एवढंच मोठ्या अक्षरात असतं, पुढचं बारीक अक्षरात. ते बारीक आधी वाचायचं.

मामा : बरं, आणि हे लोहच आहे कशावरून? मूग-उडदाला केवडा आला तरी पिवळं, सोयाबीनला पिवळा मोझॅक आला तरी पिवळं. मीच आत्ता म्हणालो लोह, पण छातीठोक सांगता येत नाही.

भाची : त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वाटी घ्या, तेच हिराकसचं पाणी करा, ब्रश किंवा कापसाचा बोळा घ्या. पाच-सहा झाडांची शेंड्याची पिवळी पानं निवडा आणि प्रत्येक पानाचा मधल्या शिरेपासून एकच अर्धा भाग रंगवा. झाडाला दोरा बांधून ठेवा. लोहाचंच दुखणं असेल तर आठवड्याच्या आत रंगवलेली बाजू हिरवी होते, दुसरी पिवळीच राहते. मोझॅक असेल तर काही फरक पडणार नाही. त्यात पिवळेपणाही असा शिरांच्या मधोमध सारखा नसतो; हिरवे-पिवळे ठिगळ लावल्यासारखा विस्कळीत असतो. पिवळेपणावर लोहाचं पाणी लावून बघायची ही रीत १८४० च्या दशकात फ्रान्समधल्या युजेन ग्री यांनी वापरली. पावणेदोनशे वर्षं झाली, अजून तिच्याइतकी स्वस्त तपासणी निघालेली नाही.

मामा : ही गोष्ट पटली. पण तुमच्या प्रयोगशाळेबद्दल माझं मन साफ नाही, आधीच सांगतो. गेल्या वर्षी मक्याला कोवळ्या पानाच्या बुडाशी पांढरे पट्टे आले. सगळे म्हणाले झिंक. रिपोर्ट आला, झिंक 'पुरेसे'. मी रिपोर्ट बाजूला ठेवला, झिंक सल्फेट फवारलं आणि मका सुधारला. आता बोल.

भाची : माती कशात गोळा केली होती?

मामा : घमेल्यात. खुरप्यानं काढली, घमेल्यात मिसळली, युरियाच्या रिकाम्या पिशवीत भरली.

भाची : घमेलं जस्ताचा मुलामा दिलेलं. जस्त म्हणजेच झिंक. प्रयोगशाळा झिंक मोजते ते किलोला मिलिग्रॅममध्ये, ०.६ च्या खाली कमतरता, वर पुरेसं. घासलेल्या घमेल्यातून जेवढं मातीत येतं तेवढ्यानं हा निकाल फिरू शकतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना घेताना प्लॅस्टिकची बादली, लाकडी काठी किंवा खुंटा. वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती घ्यायची. खताची पिशवी वर्ज्य. वाळवायची ती सावलीत.

मामा : हे नमुना नेताना कुणी सांगायला नको?

भाची : सांगायला हवं. तो दोष आमच्या बाजूचा. १९ फेब्रुवारी २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना आहे. त्या पत्रिकेवर बारा गोष्टी मोजून येतात, त्यातली पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं : झिंक, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन. कागद घरोघर गेला, पण माती कशी काढायची हे तितक्या घरांत गेलं नाही. तुमची पत्रिका आहे ना घरात? मी मघाशी बघितली. स्फुरद 'अत्यंत जास्त'.

मामा : डीएपी दर हंगामाला पडतं. त्याशिवाय पीक उठत नाही.

भाची : उठतं की नाही ते बाजूला ठेवू. मातीत स्फुरद जास्त झालं की झिंक कमी पडायला लागतं. स्फुरदानं झाडाचा पाला वाढतो, पण त्याच प्रमाणात झिंक येत नाही, ते पातळ होतं. शिवाय मुळांवरची मायकोरायझा बुरशी झिंक ओढून आणायला मदत करते. स्फुरद भरपूर मिळालं की झाड तिला थारा देत नाही. म्हणजे एका पोत्यानं कमतरता तयार करायची आणि ती भरायला दुसरी बाटली आणायची. दोन्हीचे पैसे तुमचे.

मामा : अगं, पण कमतरता काय फक्त माझ्या डीएपीनं आली? आमच्या वडिलांच्या दावणीला आठ जनावरं होती. उकिरडा दरसाल शेतात जायचा. आता दावणीला एक म्हैस. ऊस मात्र एकरी साठ-सत्तर टन काढतोय. एवढा माल दरसाल ट्रकमधून बाहेर जातो, त्याबरोबर झिंक, लोह, बोरॉन सगळं जातं. परत काय येतं? युरिया आणि पोटॅश. त्यात सूक्ष्म काहीच नाही. मग मी बाटलीनं थोडं परत टाकलं तर कुठं बिघडलं?

भाची : ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तुमचं बरोबर आहे. देशभरातून तपासलेल्या मातीच्या नमुन्यांत ३६ टक्क्यांच्या आसपास नमुने झिंकला कमी आहेत, बोरॉनला २३ टक्के, लोहाला तेरा टक्क्यांच्या जवळ. आणि झिंकसारखी बारीक गोष्ट काय करू शकते हे आपण १९६० च्या दशकात उत्तरेच्या तराईत बघितलं आहे. पंतनगर भागात भाताची पानं तांबूस ठिपक्यांनी भरून रोप खुजं राहायचं. लोक त्याला 'खैरा' म्हणायचे. तो कुठल्या बुरशीचा वा विषाणूचा रोग नसून झिंकची कमतरता आहे हे डॉ. य. ल. नेने यांनी दाखवलं. हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना, एवढ्या फवारणीनं भात सुधारला.

मामा : मग माझीच बाजू झाली की! पाच किलोत अख्खं शेत वाचलं. विमा म्हणतो तो हाच.

भाची : नेन्यांनी आधी दुखणं ओळखलं, मग झिंक दिलं. आपण आधी देतो आणि ओळखायचं राहूनच जातं. खैऱ्याला कुणी मिश्रण दिलं असतं तर भात तरीही सुधारला असता, पण झिंकनं सुधारला हे कळलं नसतं. मग पुढची साठ वर्षं सगळ्यांनी मिश्रणच मारलं असतं.

मामा : उसाला तर तुमचीच शिफारस आहे. खोडव्याला केवडा पडला, पांढरी फटक पानं झाली, तेव्हा कृषी सहायकानंच लिहून दिलं होतं. हेक्टरी २५ किलो हिराकस, २० किलो झिंक सल्फेट, १० किलो मँगेनीज सल्फेट, ५ किलो बोरॅक्स. चारही एकदम. तेव्हा मिश्रण चालतं आणि मी केलं की नाही?

भाची : त्या शिफारशीच्या मागेपुढे दोन गोष्टी असतात. आधी 'माती परीक्षणात कमतरता आढळल्यास'. नंतर 'दहापट शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून'. गावात पोचतात ते मधले चार आकडे. मुरवणं तर फार महत्त्वाचं. हिराकस नुसतं चुनखडीच्या जमिनीत टाकलं की त्यातल्या लोहाचा बघता बघता गंज होतो. चाळीस टनांत आणखी थोडी भर. शेणखतातल्या सेंद्रिय पदार्थांनी ते धरून ठेवलं तर मुळापर्यंत पोचतं. तुम्ही मुरवलं होतं?

मामा : मजूर होते तेव्हा मुरवलं. नंतर दोन वर्षं सरीत थेट टाकलं.

भाची : आता झिंकचा हिशेब. हेक्टरी २० किलो म्हणजे एकरी आठ किलो. साध्या झिंक सल्फेटमध्ये झिंक २१ टक्के, म्हणजे एकरी पावणेदोन किलोच्या जवळ. मातीत 'पुरेसं' म्हणायला लागतं एकरी अर्धा किलो उपलब्ध झिंक. सोयाबीन हंगामात उचलतं शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणून जमिनीतून दिलेलं झिंक दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं. तुम्ही दर हंगामाला देता.

मामा : जास्त झालं तर झालं. चाळीस वर्षांत झिंक जास्त होऊन कुणाचं पीक मेलेलं मी तरी बघितलं नाही.

भाची : मरणार नाही. चुनखडीच्या काळ्या मातीत झिंकची विषबाधा सहजासहजी होत नाही, हेही मान्य. पण जास्ती झाली की ती जास्तीच्या नावानं समोर येत नाही, दुसऱ्याच कमतरतेच्या वेशात येते. मुळात लोह, झिंक, मँगेनीज, तांबे यांची आत शिरायची दारं बरीचशी सामाईक आहेत. एकाची गर्दी झाली की दुसरं बाहेर राहतं. झिंक जास्त, तांबे जास्त, मँगेनीज जास्त, तिन्हीत शेंड्याचं पान पिवळं पडतं, कारण अडतं ते लोह. तुम्ही बघता पिवळं पान आणि दुकानात जाऊन आणखी एक मिश्रण आणता. त्या मिश्रणात पुन्हा झिंक आणि तांबे असतंच.

मामा : आणि बोरॉन?

भाची : बोरॉनला तर सगळ्यात जपायचं. त्याची कमी आणि जास्ती यांत अंतर फार थोडं. कमी पडलं की वाढीचा शेंडा मरतो, परागनलिका वाढत नाही, फूल गळतं. द्राक्षात घडात मोठ्या मण्यांच्या मधे बारीक बिनबियांचे मणी राहतात, पपईचं फळ उंचसखल होतं, फुलकोबीचा गड्डा तपकिरी पडतो. पिकांना बोरॉन लागतंच, हे १९२३ साली कॅथरीन वॉरिंग्टन यांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला बाकल्याच्या रोपांवर सिद्ध केलं. आणि जास्त झालं की दुखणं झाडाच्या दुसऱ्याच टोकाला दिसतं. पाण्याबरोबर बोरॉन पानात जातं, पाणी उडून जातं, बोरॉन पानाच्या टोकाला आणि कडेला साठत राहतं. म्हणून जुन्या पानांच्या कडा आधी करपतात. पोटॅश कमी पडलं तरी जुन्या पानांच्या कडाच करपतात आणि खारं पाणी लागलं तरी तेच. मग पोटॅश वाढवलं जातं. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या लिंबाची पानं कशी झाली होती?

मामा : कडेनं जळाल्यासारखी. मी म्हणालो बोअरचं पाणी.

भाची : पाणी असेल, बोरॉन असेल, दोन्हीही असतील, कारण पाण्यातूनही बोरॉन येतं. लिंबू त्या बाबतीत फार नाजूक, लिटरला अर्धा मिलिग्रॅम झाला तरी त्याला सोसत नाही. पाणी तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण तपासायच्या आधी लिंबाला बोरॉन द्यायचं नाही, एवढं नक्की सांगते.

मामा : तू सारखी जास्तीचंच भय दाखवतीस. द्राक्षाला बोर्डो मारतो त्यात तांबं किती जातं, ते कुणी काढत नाही. मोरचूद नाही मारलं तर डावणीनं बाग जाते. म्हणजे जास्ती झाली तरी मारावंच लागतं.

भाची : ते बुरशीसाठी, झाडाच्या पोटासाठी नाही, हे खरं. पण माती तसा भेद करत नाही. एक टक्क्याचं बोर्डो, म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद, त्यात तांबे पाव किलो. एकराला चारशे लिटर फवारलं की एक किलो तांबे. एका पावसाळ्यात किती वेळा?

मामा : पाऊस कसा आहे त्यावर. चार वेळा धर.

भाची : चार किलो. वेल वर्षाला त्यातले मोजके ग्रॅम उचलतो, बाकी वरच्या थरात राहतं. तांबं पाण्याबरोबर फारसं खाली जात नाही आणि कुजूनही जात नाही. १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्देंनी बोर्डो मिश्रण जगापुढे आणलं. तेव्हापासून तिकडच्या द्राक्षमळ्यांच्या मातीत तांबं साठतच गेलं. म्हणून युरोपीय संघानं २०१९ पासून हद्द घातली : सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. म्हणजे वर्षाला एकरी सरासरी १.६ किलो. तुमचे चार. आपल्या चुनखडीत तांबं जखडून राहतं, म्हणून दणका लगेच बसत नाही. पण पुढे कधी बाग काढून तिथे दुसरं काही लावाल, तेव्हा कोवळ्या मुळांना ते भेटेल.

मामा : मग बोर्डो बंद करू?

भाची : नाही. बोर्डो मारा, पण मग बागेला तांबं असलेलं मिश्रण तरी नको. ज्या जमिनीत वर्षाला चार किलो तांबं पडतं तिला बाटलीतून आणखी चिमूटभर तांबं विकत घेऊन घालायचं, हे तुमच्याच हिशेबात बसतं का?

मामा : ह्यावर मी काही बोलत नाही. पण कोकणात तर म्हणे लोहच लोह. तिथं शिकलीस म्हणून तुझ्या डोक्यात जास्तीच भरली आहे.

भाची : ते खरंच आहे. दापोलीला पहिल्या पावसाळ्यात मी भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके बघितले आणि आपल्याकडच्या सवयीनं म्हणाले, काहीतरी कमी आहे. कमी काहीच नव्हतं. जांभ्या मातीत आम्ल, त्यात चिखल करून पाणी उभं केलेलं. पाण्याखाली हवा संपली की तोच गंज विरघळतो आणि मुळात लोहाचा पूर येतो. उपाय काय, तर खाचरातलं पाणी काही दिवस काढून टाकायचं. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना मूळ खडक बराचसा एकच, बेसॉल्ट. तिकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडून चुना धुऊन गेला आणि लोह मोकळं झालं. आपल्याकडे सहाशेच्या आसपास, चुना राहिला आणि लोह अडकलं. तिकडे लोहाची जास्ती, इकडे कमी. तरी दोन्हीकडच्या दुकानात बाटली एकच मिळते.

मामा : आणि उपाय दोन्हीकडे पाणी काढून देणं?

भाची : ह्या दोन दुखण्यांत तरी तेच. म्हणून म्हणते, आधी बघायचं की घटक मातीत नाही, की आहे पण वाट अडलीय. नसेल तर द्यायचं, आणि पुरेसं द्यायचं. वाट अडली असेल तर वाट मोकळी करायची. शेणखत, हिरवळीचं खत, प्रेसमड, निचरा, गरजेपुरतं स्फुरद, पिवळं न पडणारा वाण. फवारणी ही मधल्या काळाची सोय.

मामा : तुझी वाट सरळ आहे, पण लांबची. शेणखत आणायला जनावर नाही, निचऱ्याला चर काढायचा तर खालचा शेतकरी पाणी घेत नाही. मला आज काहीतरी करायचंय. बाटली आज मिळते.

भाची : म्हणूनच लोह आज मारा म्हटलं. कमी पडलेलं आठवड्यात भरून काढता येतं. जास्त झालेलं काढून घ्यायला मात्र हातात काहीच नसतं. मोलिब्डेनम बघा, झाडाला इतकं कमी लागतं की दहा टन वाळलेल्या पाल्यात ते जेमतेम एक ग्रॅम भरतं. कोकणासारख्या आम्ल जमिनीत ते कमी पडतं आणि फुलकोबीचं पान चाबकासारखं अरुंद होतं. आपल्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत ते उलट सहज मिळतं. जास्त झालं तर गवताला काही होत नाही, ते हिरवंगार दिसतं, पण खाणाऱ्या गुराला तांबं कमी पडून हगवण लागते. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या कुरणांवर गुरांचं हे दुखणं मोलिब्डेनममुळे आहे, हे १९३८ साली उमगलं. पिकाकडे बघून कळलंच नसतं.

मामा : ठीक आहे. लोह फक्त ह्या पट्ट्यावर मारतो. पण झिंक मी वरच्या प्लॉटला मारणार. मक्यात फरक बघितलाय, माझ्या डोळ्यांनी.

भाची : मारा. पण तीन ओळी सोडून मारा.

मामा : कशाला?

भाची : गेल्या वर्षी मका झिंकनं सुधारला की त्याच आठवड्यात ऊन पडलं म्हणून, हे तुम्हाला आज सांगता येत नाही, कारण झिंक न दिलेला मका शेतात कुठेच नव्हता. तीन ओळी सोडल्या तर काढणीला त्या वेगळ्या मळायच्या आणि शेजारच्या तीन ओळींशी तोलायच्या. झिंकनं वाढलं तर पुढच्या वर्षी मी काही बोलणार नाही. नाही वाढलं तर ती बाटली बंद.

मामा : आणि ह्या तीन ओळी पडल्या तर माझं नुकसान.

भाची : तीन ओळींचं. दर हंगामाला उगाच मारलेल्या फवारणीचं नुकसान किती, ते आजवर कधी तोललंच नाही.

मामा : रस्त्याकडच्या ओळी सोडणार नाही. येणारा-जाणारा विचारतो, मामा, ह्या का राहिल्या?

भाची : रस्त्याकडच्या नकोतच, कडेला ऊन-वारा जास्त लागतो, तुलना चुकते. विहिरीकडच्याही नकोत, तिथे ओल जास्त. अगदी मधल्या घ्या.

मामा : मधल्या घेतो. पण तोलायला तू यायचं, आणि पोती मी निवडणार.

भाची : येते. मात्र काटा कारखान्याचा नको, आपल्या घरचा घ्या.